उखळाची चपळाई

"आजी, तू उखळाला काय खायला घातलंस?"

मैथिलीनं हे इतक्या हळू विचारलं, की ती चिडली आहे हे मला आधी कळलंच नाही. सामना संपवून ती टेबलावरून उठून आली होती. हातात ते खेळायचं यंत्र, आणि चेहरा असा, जणू कुणी तिला सगळ्या वर्गासमोर बाहेर काढलंय.

"फळं," मी म्हणाले. "तूच सांगितलं होतंस की."

"कुठली फळं?"

"लाल दिली. आणि थोडी पिवळी."

"पिवळी का? मी फक्त लाल सांगितली होती. लाल म्हणजे मार सोसायची ताकद. पिवळी म्हणजे चपळाई."

"मला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?" आता तिचा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरच्या मुलानं कानातला इअरफोन काढून आमच्याकडे पाहिलं. "ठाऊक असून दिलीस?"

माझ्या खुर्चीशेजारी माझी बॅग उभी होती. मी उगाच तिची मूठ वर ओढली आणि परत खाली दाबली.

याला आता बरीच वर्षं झाली. मी ऐंशीच्या घरात आले, मैथिलीला नोकरी लागली, तिच्या चष्म्याचा नंबर माझ्यापेक्षा वाढला. पण ते पुण्यातल्या कॉलेजचं सभागृह, ती लांबच लांब टेबलं, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना माना खाली घालून बसलेली ती पोरं अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत. एवढी माणसं एका खोलीत, आणि आवाज म्हणावा तर बोटांच्या टकटकीचा.

मी त्या वेळी मिरजेहून लेकीकडे, सन्मतीकडे, आठ दिवस राहायला आले होते. आमचे हे जाऊन वर्ष होत आलं होतं. शेवटची काही वर्षं त्यांना डायलिसिसला न्यायचं, आणायचं, पाणी मोजून द्यायचं, यातच गेली. त्याच्या आधी सासूबाई अंथरुणाला खिळून होत्या, त्यांचं सगळं माझ्याकडेच. त्यामुळे घर रिकामं झालं तेव्हा मी काही दिवस नुसती भिंतीला टेकून बसायची. झोप यायची नाही आणि जागही नीट यायची नाही. सन्मती म्हणाली, "आई, ये इकडे. काही करू नको, नुसती बस." म्हणून आले होते.

आणि तेवढ्यात इचलकरंजीला थोरले भाऊजी न्हाणीत पाय घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. जाऊबाई आधीच गेलेल्या. मुलं तीन. भरतेश पुण्यात, सुकुमार बंगळुरात, पद्मजा बेळगावात दिलेली. सगळे जमले, मीही पाहायला गेले. ऑपरेशन झालं, आता घरी आणल्यावर त्यांचं बघणार कोण, अशी बोलणी सुरू झाली. कुणीतरी माझ्याकडे बघितलं, मग सगळ्यांनीच बघितलं. मला कुणी विचारलं नाही आणि मी नाही म्हटलं नाही. त्या दिवशीचा चहासुद्धा मीच केला. मागची खोली माझ्यासाठी रिकामी करायची ठरली. मिरजेचं घर बंद करायचं असंही ठरलं. मग उरलेले दिवस काढायला मी पुण्याला परतले.

मी का बोलले नाही, असं सन्मतीनं मला नंतर चिडून विचारलं. काय सांगणार? दमले होते. नाही म्हणायलासुद्धा अंगात थोडं काही असावं लागतं.

तर त्या रविवारी भाऊजींना घरी सोडणार होते. संध्याकाळी भरतेश गाडी घेऊन मला न्यायला येणार, आणि आम्ही परस्पर इचलकरंजीला जाणार. सन्मतीची दवाखान्याच्या लॅबमध्ये रविवारची ड्युटी होती, आणि मैथिलीची स्पर्धा. पोरगी सतरा वर्षांची. एकटी कशी जाणार म्हणून मी बरोबर गेले, आणि भरतेशला पत्ताच त्या कॉलेजचा दिला. म्हणून बॅग बरोबर.

आता उखळाचं सांगायला हवं.

मैथिलीचा तो खेळ म्हणजे प्राण्यांच्या लढाया. खरे नाहीत, पडद्यावरचे. ती त्यांना मॉन्स्टर म्हणायची, मी जनावरं म्हणायची. "आजी, जनावरं काय गं म्हणतेस, गोठा आहे का तो?" पण होता गोठाच. त्यांना पाळायचं, खाऊ घालायचं, शिकवायचं. त्यांतली सहा निवडून आपला संघ करायचा आणि दुसऱ्याच्या संघाशी लढायचं. मैदानात एका वेळी दोन उभी. कुणी काय करायचं ते आपण सांगायचं, समोरच्यानं त्याच्या जनावरांना सांगायचं, आणि मग एकदम कळायचं कुणाचा अंदाज खरा ठरला. नुसती ताकदवान सहा गोळा करून भागत नाही, असं मैथिली सांगायची. एक मारणारा हवा, एक त्याला सांभाळणारा हवा, एक चिवट हवा, एक नुसता त्रास देणारा हवा. सासरच्या माणसांसारखं, मी म्हटलं. ती खूप हसली.

आल्या दिवशीच तिनं मला एक जनावर दाखवलं. दगडासारखं बसकं, अंगावर शेवाळ, बारीक डोळे.

"याचं काम काय?" मी विचारलं.

"हा पुढे उभा राहतो आणि म्हणतो, सगळे माझ्याकडे या. मग समोरचे दोघं काय वाट्टेल ते मारू देत, सगळं याच्यावर पडतं. तोवर शेजारची माझी मारणारी, ठिणगी, निवांत स्वतःला धार लावून घेते, आणि मग धडाधड सगळ्यांना पाडते."

"आणि याचं काय होतं?"

"शेवटी पडतो. पण तोवर काम झालेलं असतं."

"म्हणजे उखळच की हा," मी म्हणाले. "मुसळ कुणाचंही असो."

तिनं लगेच त्याचं नाव उखळ ठेवलं. त्याच्या आधी काहीतरी इंग्रजी होतं. वर्षभर त्याच्या जोरावर ती जिंकत आली होती, आणि खेळणाऱ्यांत तिला आता उखळवाली म्हणायला लागले होते. मोठ्या स्पर्धेआधी तिला त्याचं जुनं शिक्षण पुसून नव्यानं, अगदी मोजूनमापून तयार करायचं होतं. तिच्या क्लासच्या वेळात ते यंत्र माझ्याकडे असायचं. "आजी, तू नुसती लाल फळं दे त्याला. कंटाळवाणं काम आहे, तुला जमेल."

मला जमलं. खिडकीत बसून मी त्याला खाऊ घालायची. मार पडला की तो डोळे मिटून घ्यायचा, आणि खाताना उघडायचा. मला ते बघवायचं नाही आणि बघितल्याशिवाय राहवायचंही नाही.

आणि आता मैथिली माझ्यासमोर उभी होती.

"एका हल्ल्यात पडला तो, आजी. पडायला नको होता. मी सगळा हिशोब केला होता. एक घाव खाऊन उभा राहणार, दुसऱ्यात पडणार. पहिल्यातच गेला."

"मला वाटलं, थोड्यानं काय होतंय."

"प्रत्येकाच्या पोटात जागा तेवढीच असते. पिवळी भरलीस की लाल मावत नाही."

"मग आता देऊया की लाल."

"संघ सकाळी नोंदवला. आता संध्याकाळपर्यंत हात लावता येत नाही." ती माझ्या बॅगेवरच बसली. "एक सामना हरलेय. अजून एक हरले की घरी."

जेवणाची सुट्टी झाली. सभागृहाबाहेरच्या पायऱ्यांवर बसून आम्ही डबा उघडला. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही. मैथिली चटणीत बोट फिरवत बसली, जेवली नाही. तेवढ्यात माझा फोन वाजला.

"काकू, मी भरतेश. आप्पांना सोडलं बघा. ॲम्ब्युलन्समधनं घरी पोचले. बॅग भरली न्हवं?"

"भरली."

"मी पाचपर्यंत येतो तिथं. तिथनं सरळ हायवेला लागू. आप्पा सकाळधरनं विचाराय लागलेत, त्रिशला कवा येती, त्रिशला कवा येती. नर्सच्या हातचं पाणी प्यायला तयार न्हाईत."

"का रे?"

"तुमची सवय न्हवं का समद्यांना! आज्जीचं बघितलं, काकांचं बघितलं. तुम्ही आला की आम्ही सुटलो बघा."

मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला. मैथिली ऐकत होती. त्या फोनचा आवाज मोठा होता.

"आजी," ती जरा वेळानं म्हणाली, "खरं सांग. पिवळी का दिलीस?"

मी दही कालवत राहिले. मग म्हणाले, "शाळेत मी खो-खो खेळायची, तुला सांगितलंय का?"

"नाही."

"मिरजेत मुलींच्या शाळेकडून. पळणाऱ्यांच्या पहिल्या तुकडीत असायची. समोरच्या संघानं पाठलाग करायचा आणि आपण सापडायचं नाही. घाटगेबाई ओरडायच्या, त्रिशले, थांबू नको! खांबाला वळसा घातला की मला कुणी धरू शकायचं नाही. लग्न ठरलं तेव्हा मी मॅट्रिकला होते, तिथं ते संपलं."

"मग?"

"मग काही नाही. तुझं ते उखळ सारखं जाग्यावर बसून मार खायचं. मला वाटलं, थोडं पळता आलं तर बरं. एखादा घाव तरी चुकवील."

मैथिलीनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता रडेल, पण ती हसायला लागली. हसता हसता चटणी टाळ्याला लागली आणि तिला ठसका आला.

"आजी, तो चुकवू नाही शकत! सगळे माझ्याकडे या असं म्हणायचं आणि मग पळायचं, असं कसं चालेल?"

"नाही चालायचं," मी म्हणाले. "पण मला तेव्हा तसं वाटलं."

तिनं भाकरीचा तुकडा मोडला, आणि जेवायला लागली. जेवता जेवता ती गप्प झाली, ते मला दिसलं. तिचं गप्प होणं वेगळं असतं, आत काहीतरी मांडामांड चाललेली असते.

"आजी, मी उखळाला दाखवणार. पण उतरवणार नाही."

मला कळलं नाही. मग तिनं सांगितलं. सामन्याच्या आधी दोघंही आपापली सहाच्या सहा जनावरं एकमेकांना दाखवतात. जरासा वेळ मिळतो बघायला. मग त्यांतली चारच उतरवायची, आणि कुठली चार ते समोरच्याला कळत नाही. मैदानात येईल तेव्हाच दिसतं.

"म्हणजे उखळाला बाहेर बसवणार?" माझा हात थांबला. "अगं, सगळ्यांत जुना तो. त्याच्यावर तर तुझा सगळा खेळ."

"म्हणूनच. सगळे त्याचीच तयारी करून आलेत."

"चुकलं असेल माझं, पण म्हणून त्याला बसवू नकोस. अर्धा मार तरी खाईल की. त्याच्याशिवाय ठिणगीला धार लावायला वेळ कोण देणार?"

"कुणीच नाही. ठिणगी तशीच लढेल."

"आणि पडली तर?"

"तर पडेल." तिनं पाणी प्यायलं. "आजी, मी माझे मागचे सगळे सामने परत बघितले. उखळ असला की बाकीचे काही करतच नाहीत. माझ्याकडे एक जळू आहे, माहिती आहे ना? ती वर्षभरात एकदाही पुढे उभी राहिलेली नाही. तिला जमतं का नाही, हे मलाच माहीत नाही. कारण कधी वेळच आली नाही."

मी डबा बंद केला. झाकण नीट बसेना. तिनं ते माझ्या हातातून घेऊन बसवलं.

दुपारचा सामना हर्षल देवकाते नावाच्या मुलाशी होता. इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, उंचापुरा, दाढीचे चार केस, स्वभावानं मोकळा. तीन डावांतले दोन जिंकायचे. मी मैथिलीच्या मागं खुर्ची घेऊन बसले. बोलायची परवानगी नव्हती.

"उखळवाली ना तू?" तो बसता बसता म्हणाला. "तुझ्या उखळासाठी खास पाहुणा आणलाय." आणि त्यानं माझ्याकडे बघून नमस्कार केला. "आजी, तुमच्या नातीची मी आज चटणी करणार आहे, राग मानू नका."

"चटणी आत्ताच खाऊन आलोय आम्ही," मी म्हणाले.

दोघांनी सहा-सहा दाखवली. त्याच्या संघात कुदळीसारख्या चोचीचा एक काळा पक्षी होता. दगड फोडायलाच जन्मलेला. हर्षलनं उखळाकडे बघितलं आणि गालात हसला. मैथिलीचं बोट उखळावर आलं. क्षणभर थांबलं. आणि मग पुढे सरकलं. मीच कुणाला तरी दाराबाहेर उभं केलं असं वाटलं.

पहिला डाव मैथिलीनं घेतला. ठिणगी धार लावत बसली नाही, आल्या आल्या मारायला लागली. हर्षलनं काळा पक्षी मागं राखून ठेवला होता. उखळ येईल, मग काढू. उखळ आला नाही आणि पक्षी बाहेर यायला उशीर झाला.

दुसरा डाव त्यानं घेतला. ठिणगी लवकर पडली, जळू घाबरल्यासारखी भलत्याच जागी घुटमळली, म्हणजे मैथिलीनंच तिला चुकीचं सांगितलं. तिला जळूची सवय नव्हती. तिचे कान लाल झाले. मला वाटलं, आता तरी उखळाला घेईल. मला ते हवं होतं, खोटं कशाला सांगू. मी मनात म्हणत होते, घे गं त्याला, त्याच्याशिवाय कसं होणार?

तिसऱ्या डावाआधी पुन्हा सहा-सहा दिसली. हर्षलनं उखळाकडे बघितलं, मग मैथिलीकडे. तो मनाशी काय म्हणत होता ते कुणालाही कळलं असतं. आता शेवटचा डाव, आता तर ती त्याला आणणारच. मैथिलीनं बोट उखळावरून नेलं, या वेळी न थांबता.

हर्षलनं या वेळी पक्षी पहिल्यापासूनच पुढे ठेवला. समोर ठिणगी आणि जळू. ठिणगीनं त्याचे दोघे पाडले आणि ती पडली. मैथिलीचे बाकीचेही गेले, पण जाताना त्याचा तिसरा घेऊन गेले. शेवटी राहिली एकटी जळू, आणि समोर तो कुदळीच्या चोचीचा पक्षी. तो मारत होता. पण ती चोच दगडासाठी होती, आणि जळूचं अंग पाण्याचं. पाण्यात कुदळ मारून काय होणार? ती जराशी आकसायची, आणि मग त्याला चिकटून त्याचीच थोडी ताकद ओढून घ्यायची. परत मार, परत थोडी ताकद. सुंदर असं त्यात काही नव्हतं. नुसती ती तिथून हलत नव्हती. मैथिली प्रत्येक वेळी ओठ चावायची. शेवटी पक्षी खाली बसला आणि उठला नाही.

हर्षलनं यंत्र टेबलावर ठेवलं. "उखळ कुठं होता?"

"बसला होता," मैथिली म्हणाली.

"तिन्ही डाव?"

"तिन्ही."

"काही झालंय का त्याला?"

"काही नाही झालेलं. नुसता बसला होता."

तो मोठ्यानं हसला. "आणि मी पूर्ण वेळ त्याचीच वाट बघत होतो."

पुढच्या फेरीत मैथिली हरली. सातारची एक मुलगी होती, ती उखळाला घाबरलीच नाही. स्पर्धा तिथं संपली. मैथिलीला फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही. ती यंत्राची वायर गुंडाळत असतानाही जळूबद्दलच बोलत होती. तिला आता काय काय शिकवता येईल ते सांगत होती.

पाच वाजून गेले आणि भरतेश आला. डोळे सुजलेले, शर्ट चुरगळलेला. बिचारा आठवडाभर दवाखान्यातच होता.

"चला काकू. मैथिली, जिंकलीस का गं?"

"एक जिंकले, दोन हरले, मामा."

"असू दे, असू दे." त्यानं माझी बॅग उचलली. "हे काय, हलकीच हाय की!"

"भरत," मी म्हणाले, "खाली ठेव ती."

"काय राहिलंय काय आत?"

"नाही. मी येत नाही."

तो बॅग हातात धरूनच उभा राहिला. "आज न्हवं म्हणता? बरं, मग उद्या सकाळी निघू. दमला असाल."

"उद्या पण नाही."

"बरं वाटत न्हाई का काकू?"

"बरी आहे मी. मला काही झालेलं नाही."

मैथिली हातातली वायर गुंडाळायची थांबली.

"मग?" भरतेशनं विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. "समदं ठरलंय की काकू. खोली लावून ठेवली तुमची. पद्मजानं पडदेसुद्धा लावले."

"पडदे चांगले असतील. तिला म्हणावं, तूच राहा चार दिवस. बेळगाव काय लांब नाही."

"तिची पोरं हायत, शाळा हाय..."

"तुझीही आहेत. सुकुमारचीही आहेत. म्हणून तर पाळ्या लावा. दिवसा बाई ठेवा, रात्री तुमच्यातलं एक जण. गोळ्या कशा द्यायच्या, कूस कशी बदलायची, पाठीला काय लावायचं, सगळं मी सांगीन. कधीही फोन कर."

"काकू, आम्हाला कुणालाच त्यातलं काय येत न्हाई."

"मला तरी कुठं येत होतं?"

त्यानं बॅग खाली ठेवली आणि शेजारच्या खुर्चीत बसला. समोर पोरं टेबलं ओढत होती, खुर्च्या एकावर एक रचत होती.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "तुम्ही हाईसा म्हटल्यावर आम्ही दुसरा विचारच केला न्हाई. एकदा पण न्हाई."

"हं," मी म्हणाले.

"आप्पांना काय सांगू मी? दार उघडल्या उघडल्या विचारतील."

"सांग, त्रिशला नाही म्हणाली."

"असं सांगू? तुमची तब्येत बिघडली असं सांगतो की. ते मानतील."

"तब्येत नको सांगू. तब्येत म्हटलं की बरी कवा होती म्हणून विचारतील. नाही म्हणाली, एवढंच सांग."

त्यानं मान हलवली. कबूल म्हणून की नकार म्हणून, मला कळलं नाही. जाताना तो माझ्या पाया पडला. हे मात्र मला अपेक्षित नव्हतं, आणि त्यानं मला जास्त त्रास झाला.

भाऊजी नंतर तीन-चार वर्षं जगले. माझ्याशी बोलले नाहीत. मी भेटायला गेले की भिंतीकडे तोंड करायचे, आणि कितीतरी वर्षांनी पद्मजानं तिच्या मुलाच्या साखरपुड्याला मला बोलावलं नाही. हे सगळं झालं आणि मी ते सोसलं. पण पहिल्या महिन्यात एकदा भरतेशचा फोन आला होता. "काकू, आज आप्पांची दाढी मी केली. जरा कापली गालाला. पण केली." त्याच्या आवाजात काय होतं ते मी अजून विसरलेले नाही.

त्या संध्याकाळी मैथिली आणि मी रिक्षानं घरी निघालो. बॅग माझ्या मांडीवर. खरंच हलकी होती. सिग्नलला ती म्हणाली, "आजी, उखळाला परत पहिल्यासारखं करता येतं. एक औषध असतं. सगळं पुसून जातं, मग नव्यानं नुसती लाल द्यायची."

"तो चपळ झालाय ना पण?"

"झालाय. त्याच्या जातीत एवढा चपळ दुसरा कुणी नसेल. पण त्याचा काही उपयोग नाही, आजी."

"नसू दे," मी म्हणाले. "राहू दे तसाच."

घरी आल्यावर सन्मतीनं बॅगेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काही न विचारता पानं घेतली. मी दोन घास खाल्ले आणि आडवी झाले.

सकाळी जाग आली तेव्हा ऊन खिडकीतून पायांवर आलं होतं. आत कुणीतरी चहा टाकला होता, आल्याचा वास येत होता. एक भांडं पडलं, सन्मती मैथिलीला हळू आवाजात रागावली. मग दार थोडं उघडलं, कुणीतरी आत डोकावलं, आणि दार परत ओढून घेतलं.

मी जागीच होते. उठले नाही.